तांबडा ठिपका

थोडक्या पैशांत चांगली वस्तु कशी निवडावी, ही विद्या कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमांत नसते. परंतु संसारांत पडल्यावर प्रत्येकास तिची परीक्षा द्यावी लागते. दुकानांत मांडलेल्या दहा वस्तूंपैकीं नऊ सोडून एक उचलणें वरवर सोपें दिसतें. पण आपणांस काय पाहिजे, किती पाहिजे व आपल्या खिशास किती परवडतें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आधींच तयार असावीं लागतात. आम्ही नोकरीनिमित्त कित्येक वर्षें जपानांत टोकियो शहरीं राहत आहों. तेथें आमच्या भाच्यासाठीं खेळाच्या बंदुकीवर बसविण्याचें एक लहानसें नेमयंत्र घेण्याचा प्रसंग आला. त्या निवडीची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

या खेळाचें नांव एअरसॉफ्ट. खऱ्या बंदुकांवर जपानांत फार कडक निर्बंध आहेत. तेव्हां हुबेहूब दिसणाऱ्या, परंतु प्लास्टिकची गोळी मारणाऱ्या बंदुकांचा हा खेळ सन १९७० नंतरच्या दशकांत तेथेंच उदयास आला. सन १९९१ मध्यें टोकियो मारुई या कंपनीनें बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारांत आणली, तेव्हांपासून तो झपाट्यानें पसरला. गोळी ६ मिलीमीटर व्यासाची असून तिचें वजन बहुधा ०.२ ग्रॅम असतें. अशा बंदुकीची शक्ति ०.९८ जूलच्या वर असतां कामा नये, असा निर्बंध सन २००६ मध्यें कायदा सुधारून घालण्यांत आला. इतक्या शक्तीनें ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारें ९९ मीटर वेगानें नळींतून निघते. ती अंगास लागली तर चिमटा काढल्यासारखें होतें. डोळ्यास लागली तर मात्र डोळा कायमचा जाऊं शकतो. म्हणून संरक्षक चष्म्यावांचून मैदानांत कोणासही पाऊल टाकूं देत नाहींत, व पूर्ण शक्तीच्या बंदुका १८ वर्षांखालील मुलांस विकत नाहींत.

या खेळांतील एक चाल आम्हांस फार आवडली. गोळी लागली कीं नाहीं हें पंच सांगत नाहीं. ज्यास लागली त्यानेंच हात वर करून ‘हिट’ असें मोठ्यानें म्हणावयाचें व मुकाट्यानें बाहेर जावयाचें. सारा खेळ खेळणाराच्या सचोटीवर उभा आहे.

आमच्या थोरल्या ताईचा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे राहावयास आला, तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. परदेशी विद्यार्थ्यास परवाना काढून आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करण्याची तेथें मुभा असते. तो संध्याकाळीं एका किराणा दुकानांत उभा राहून चार पैसे मिळवी. वर्गमित्रांबरोबर चिबा प्रांतांतील एका रानांत तो हा खेळ खेळून आला, आणि कांहीं महिन्यांत त्यानें स्वतःच्या मिळकतींतून जुनी बंदूक विकत घेतली. पुढें त्यास तिच्यावर ‘रेड डॉट’ बसवावा असें वाटूं लागलें. त्याजपाशीं पंधरा हजार येन शिल्लक होते. “मामा, तुम्ही दुकानांत बरोबर चला, भाषा मला येते, पण भाव करतां येत नाहीं,” असें तो म्हणाला. भाव करण्याची चाल तेथें नाहीं, हें त्यालाही ठाऊक होतें. त्याला सोबत पाहिजे होती, म्हणून आम्ही गेलों.

रेड डॉट म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. आपल्याकडील जत्रेंत छर्र्याच्या बंदुकीनें फुगे फोडतांना मागची खांच, नळीच्या टोंकावरची माशी व समोरचा फुगा, हीं तिन्ही एका रेषेंत आणावीं लागतात. डोळा एकाच वेळीं तीन अंतरांवर ठरत नाहीं, म्हणून नवशिक्याचा नेम चुकतो. रेड डॉटमध्यें एका लहान नळकांड्यांत किंचित् वक्र कांच असते. तिच्यावर असा थर दिलेला असतो कीं, तांबडा प्रकाश तेवढा परत फिरावा व बाकीचा आरपार जावा. मागें बसविलेल्या बारीक दिव्याचे किरण या कांचेवरून समांतर होऊन डोळ्यांत येतात. त्यामुळें पाहणारास तांबडा ठिपका कांचेवर नव्हे, तर दूर लक्ष्यावरच टेकलेला दिसतो. माशी नाहीं, खांच नाहीं. दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका लक्ष्यावर आणला कीं झालें. हें यंत्र दुर्बिणीसारखें वस्तु मोठी करून दाखवीत नाहीं.

ही कल्पना डब्लिन येथील सुप्रसिद्ध दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब यांची. त्यांनीं सन १९०० मध्यें तिचें पेटंट घेतलें. विजेचा बारीक दिवा बसवून तिला आजचें रूप दिलें तें स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीनें, सन १९७५ मध्यें. ग्रब यांचें नांव महाराष्ट्रास अगदींच परकें नाहीं. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तींतील मोठी दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यांतली होती. सन १९१२ मध्यें वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालास नेण्यांत आली. ताऱ्यांकडे पाहण्याच्या दुर्बिणी घडविणाऱ्या हातांनीं या ठिपक्याची कल्पना आंखावी, याची आम्हांस मोठी मौज वाटली.

आतां दुकान. तेथें भिंतभर नेमयंत्रें मांडलेलीं होतीं. कांहींची किंमत पांच हजार येन, तर खऱ्या बंदुकांसाठीं बनविलेल्यांची लाखाच्या घरांत. भाच्याची नजर साहजिकच वरच्या फळीकडे लागली. आम्ही त्याला कागद-पेन्सिल काढावयास सांगितलें. अशा यंत्रांच्या ठिपक्याची जाडी कोनांत मोजतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. ३० मीटरवर एक मिनिट म्हणजे पावणेनऊ मिलीमीटर. तेव्हां दोन मिनिटांचा ठिपका पावणेदोन सेंटिमीटर जागा व्यापतो व चार मिनिटांचा साडेतीन. उलट, त्याच अंतरावर त्याच्या बंदुकीच्या दहा गोळ्या झाडल्या तर त्या वीतभर जागेंत विखुरतात. गोळी हलकी, वारा तिला ढकलतो, आणि तिचें अंतर जें वाढतें तें नळींत तिला उलटी फिरकी देणाऱ्या ‘हॉप-अप’ नांवाच्या रबराच्या तुकड्यामुळें. मग ठिपका दोन मिनिटांचा घेऊन काय उपयोग? गोळीच जेथें वीतभर भटकते, तेथें नेमयंत्रानें केसाचा हिशेब करून लाभ नाहीं.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. खऱ्या बंदुकीचा दणका सोसण्यासाठीं महागडें यंत्र भक्कम केलेलें असतें. विजेच्या खेळण्यास असा दणका नाहींच; तेव्हां त्या भक्कमपणाचे पैसे येथें व्यर्थ. या हिशेबानें वरची फळी आपोआप गळाली.

परंतु स्वस्त म्हणून वाटेल तें उचलावें असेंही नाहीं. आम्हीं पांच गोष्टी पाहिल्या. पहिली, ठिपका भर उन्हांत दिसतो काय. म्हणून दुकानदाराच्या परवानगीनें यंत्र दाराशीं नेऊन आकाशाकडे धरलें. कांहींचा ठिपका तेथें पार विरून गेला. दुसरी, कांच फार निळसर आहे काय. तशी असली तर झाडांच्या सावलींत लक्ष्य काळवंडतें. तिसरी, ठिपका वर-खालीं व डावी-उजवीकडे सरकविण्याचे स्क्रू फिरवितांना प्रत्येक टप्पा बोटास स्पष्ट लागतो काय. आणि बैठकीचा स्क्रू घट्ट बसतो काय. चवथी, बॅटरी कोठेंही मिळणारी आहे काय. पांचवी सर्वांत महत्त्वाची: यंत्राची उंची. तोंडभर संरक्षक मुखवटा घातल्यावर गाल बंदुकीच्या दस्त्यास टेकत नाहीं, व डोळा उंच राहतो. म्हणून भाच्यानें आपला मुखवटा बरोबर आणला होता. तो चढवूनच प्रत्येक यंत्रांतून पाहावयाचें, असा आम्हीं नियम केला. कांहीं यंत्रांवर नामांकित कंपन्यांचीं खोटीं चिन्हें उमटविलेलीं होतीं. तीं आम्हीं हातांतही घेतलीं नाहींत. ज्या खेळांत ‘हिट’ स्वतःच सांगावयाचें, त्यांत खोट्या नांवाची वस्तु शोभत नाहीं.

एवढें होऊन निवड दोनांवर आली, आणि येथेंच अडचण उभी राहिली. भाचा एकांतून पाही, दुसऱ्यांतून पाही, आणि मान हालवी. “मामा, हा ठिपका गोल नाहीं. शेपूट फुटल्यासारखा दिसतो. स्वस्त माल तो असाच असणार!” दुसऱ्यांतही तसेंच. आम्हीं स्वतः पाहिलें तर ठिपका चांगला गोल. कर्ज काढून कां होईना, पण वरच्या फळीवरचें यंत्र घ्यावें, असें त्याच्या मनानें घेतलें. आणि त्याचा हिरमुसलेला चेहरा पाहून आमचाही हात पाकिटाकडे जाऊं लागला.

दुकानदार वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं नम्रपणें वांकून यंत्र मागून घेतलें व भाच्यास सांगितलें, “ठिपक्याकडे पाहत राहा, मी यंत्र हळू हळू फिरवितों. शेपूट यंत्राबरोबर फिरतें काय तें सांगा.” यंत्र पावभर फिरलें, शेपूट जागचें हाललें नाहीं. मग त्यांनीं फोनच्या कॅमेऱ्यानें त्याच कांचेंतून चित्र घेतलें. चित्रांत ठिपका वाटाण्यासारखा गोल! शेवटीं त्यांनीं वरच्या फळीवरचें लाखाचें यंत्र स्वतः काढून भाच्याच्या हातीं दिलें. त्यांतही तेंच शेपूट. यंत्राचा दोष असता तर तो यंत्राबरोबर फिरला असता. जागच्या जागीं राहिला, त्याअर्थीं तो पाहणाराच्या डोळ्यांत होता. आपला सर्वांत महाग माल खपण्याची संधि समोर असतां त्या गृहस्थांनीं आम्हांस नेत्रवैद्याकडे जाण्याचा सल्ला दिला. तेवढा सौदा दुसऱ्या कोणत्याही दुकानांत आमच्या वांट्यास आलेला नाहीं.

त्या दिवशीं आम्ही कांहींएक न घेतां परतलों. नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं, मुलाच्या दोन्ही डोळ्यांत दृष्टिवैषम्य आहे. डोळ्याचा पुढचा पडदा चेंडूसारखा सर्व बाजूंनीं सारखा वांकलेला असावा, तो एका दिशेनें अधिक वांकलेला असला म्हणजे प्रकाशाचा बिंदु बिंदु राहत नाहीं, ओढला जातो. लहानपणापासून जग जसें दिसलें तसेंच तें आहे असें मूल समजतें. तक्रार करावी कशाची? व्याख्यानगृहांत मागें बसलें असतां फळ्यावरचीं अक्षरें फुटतात व संध्याकाळीं कपाळ दुखतें, हें त्यानें तेव्हां प्रथमच सांगितलें. तें सारें तो अभ्यासाच्या व कामाच्या थकव्यावर लोटीत आला होता.

पंधरा हजारांपैकीं नऊ हजार चष्म्यास गेले. रात्रीं ताईशीं बोलणें झालें, तेव्हां ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, “खेळाला मीच नांवें ठेवीत होतें, त्याच खेळानें त्याचे डोळे दाखवून दिले.” उरलेल्या सहा हजारांतून काय घ्यावें याचा निर्णय भाच्यानें एकट्यानें केला. नवा चष्मा आंत मावेल असा मोठा मुखवटा त्यानें आधीं घेतला. त्यानंतर महिनाभर पगार सांठवून त्या दोन यंत्रांपैकीं साडेपांच हजारांचें, चार मिनिटांच्या ठिपक्याचें यंत्र आणलें, आणि गोळी लागून कांच फुटूं नये म्हणून तिच्यापुढें बसविण्याची पॉलिकार्बोनेटची पारदर्शक पट्टीही घेतली. चष्मा लावून त्यानें प्रथम त्यांतून पाहिलें, तेव्हां ठिपका गोल होता. त्याविषयीं तो फारसें बोलला नाहीं. बराच वेळ समोरच्या झाडाचीं पानें मात्र एक एक करून पाहत राहिला.

विद्यार्थिमित्रहो, हें नेमयंत्र तुम्हांपैकीं बहुतेकांच्या हातीं कधीं येणार नाहीं, आणि न आलें तरी बिघडत नाहीं. परंतु आज रात्रीं गच्चीवर किंवा अंगणांत उभे राहून दूरच्या एखाद्या दिव्याकडे प्रथम उजवा व मग डावा डोळा झांकून पाहा. दिवा एका बाजूस ओढलेला, फांटे फुटलेला किंवा एकाचे दोन झालेला दिसला, तर मनांत ठेवूं नका. घरीं आईवडिलांस सांगा. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल एखाद्या वस्तूस वाईट म्हणूं लागलें म्हणजे तिच्याहून महाग वस्तु आणून देण्यापूर्वीं, त्यास ती कशी दिसते हें एकदां शांतपणें विचारून पाहावें.