घटिका आणि टोमॅटो

रत्नागिरीच्या घरी लिहायला बसलो की संगणकाच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, एक घड्याळ असते. घड्याळ म्हणणेही जास्तच. पंचविसावरून शून्याकडे उतरणारे नुसते आकडे. काटे नाहीत, टिकटिक नाही, शेवटी एक घंटी. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर घेऊन ही पद्धत बसवली: पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विसावा. टोमॅटो म्हणजे इटालियनमध्ये पोमोदोरो. पद्धतीचे नावही तेच.

आपली घटिका चोवीस मिनिटांची. अहोरात्रात अशा साठ. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटिका झाली. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावर साधत. पोमोदोरोशी फरक एका मिनिटाचा. पण वाटी बुडताना आवाज जेमतेमच होणार, म्हणून तिच्यापाशी कुणाला तरी लक्ष देऊन बसावे लागे. माझ्या आकड्यांचे उलट. वेळेवर नजर तेच ठेवतात. मी ती विसरलो तरी चालते, किंबहुना विसरावी हीच अपेक्षा.

परवा प्रबंधाचे तिसरे प्रकरण लिहीत असताना ओटीवरून वडिलांनी हाक मारली. अलीकडे ते फारसे कुणाला हाक मारत नाहीत. "सात मिनिटं थांबा, अण्णा," मी पडद्याकडे पाहतच म्हणालो. घंटी वाजल्यावर बाहेर गेलो. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. हाक कशासाठी मारली होती, ते त्यांना आठवेना. मी शेजारी बसलो. आत विसाव्याची पाच मिनिटे उतरू लागली होती.