निराधारचा पगार

आमच्या लासूर स्टेशन गावात म्हाताऱ्यांच्या पेन्शनला श्रावणबाळ योजना असं कुणी म्हणत नाही. "पगार पडला का?" बँकेच्या पायरीवर टेकलेली म्हातारी माणसं एकमेकांना हेच विचारतात. मला हा शब्द पटतो. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाच्या खात्यात चार पैसे आले, तर तो पगारच.

*

महिना १,५०० रुपये, जुलै २०२३ पासून. त्याआधी १,००० होते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर यातले २०० केंद्राचे. ऐंशीच्या पुढे ५००. हे २०० रुपये २००७ पासून २००च आहेत. तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता लेकरांची फी भरतात.

*

यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. रात्री वहीत हिशेब मांडून बघितला. २०२५-२६ ला रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता. घरातलं एकच माणूस कामावर गेलं तरी ६८व्या दिवशी ते घर मर्यादेबाहेर जातं. आणि रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात हमी १०० दिवसांची होती. म्हणजे सुनेनं सरकारी काम पुरं केलं, की सासूचा पगाराचा हक्क गेला. २१,००० म्हणजे दिवसाला ५७ रुपये, तेही साऱ्या घराला. हा आकडा कोणत्या चुलीकडे बघून ठरवला?

*

शेजारच्या आत्याबाई कांद्याच्या निवडणीला जातात. लाडक्या बहिणीचे १,५०० त्यांना मिळत होते. ती योजना २१ ते ६५ वयाची. पासष्टी ओलांडली आणि पैसे थांबले. पुढं श्रावणबाळ आहे, रक्कमही तेवढीच. पण तिकडे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, इकडे २१,०००. "म्हातारी झाले म्हणून मी श्रीमंत झाले का रे बाबा?" त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

*

बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाई तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्यांना अजून सांगता येते. वि. स. पागे यांनी आग्रह धरलेली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर पोचली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला. तिच्या पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. वाळूजच्या कंपनीतल्या कामगाराच्या पगारपत्रकात आजही महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, ते याच कराचे. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, हे महाराष्ट्रानं कायदा करून दाखवलं होतं. मजूर म्हातारा झाल्यावर तेवढीच हिंमत का दाखवता आली नाही, हे मला खरंच कळत नाही.

*

वाळूजचा कामगारही निवृत्तीनंतर सुखी असतो असं नाही. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये, सप्टेंबर २०१४ पासून.

*

एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट, पासष्टीपुढे अर्धं तिकीट, बायांना तर कोणत्याही वयात अर्धं. रेल्वेत मात्र २० मार्च २०२० पासून ज्येष्ठांची सवलत बंद आहे. आधी साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के, अठ्ठावन्नपुढच्या बायांना ५० टक्के सूट होती. करोना गेला, गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या, सूट आली नाही. मुंबईला जाणाऱ्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या सोबतीच्या म्हातारीला जाता-येता पुरं तिकीट पडतं.

*

बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ ला गेले. हमालांसाठी आयुष्य घालवलेला माणूस. २०१२ मध्ये अरुणा रॉय यांच्यासोबत पेन्शन परिषदेतून त्यांनी मागणी लावून धरली: कष्टकरी म्हाताऱ्यांना किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन. रोजगार हमीचाच ३१२ चा दर आणि २६ दिवस धरले, तर महिन्याला ४,०५६ रुपये होतात. मिळतात १,५००.

*

परवा आत्याबाईंचा अर्ज भरायला बसलो. उत्पन्नाच्या रकान्याशी पेन थांबलं. "सगळे २१,००० च लिहितात," बाजूचा म्हणाला. आत्याबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं: निवडणीचे दिवस इतके, कापूसवेचणीचे इतके, लेकाचे इतके. त्यांनी सांगितलं तेवढंच मी लिहिलं. आकडा बसत नव्हता. त्यांनी अंगठा उठवला.