लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना विद्यार्थी त्यांच्याच धर्मांतराविषयी विचारतात. मला मात्र लक्ष्मीबाईंची पुढची पाच वर्षे अधिक मोलाची वाटतात. नवरा हयात, तरी संसार मोडलेला. नातलगांचा आश्रय, पदरी लहानगा दत्तू. हे दुःख त्या सांगतात तेही (हीच त्यांची खासियत) स्वतःला हसत. टिळकांकडे परतल्यावरही सोवळे लगेच सुटले नाही. जातिभेद माणसानेच केलेला, हे स्वतःला पटले तेव्हा ते सुटले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. काहींना यात निव्वळ पतिनिष्ठा दिसते. पण नुसते पतीमागेच जायचे असते, तर त्या १८९५ मध्येच गेल्या असत्या.