दिवेलागणीनंतरचा कायदा

वरणगावच्या आमच्या वाड्यात वाढलेल्या भावंडांना एक कायदा तोंडपाठ होता. दिवे लागले की पऱ्हाटीच्या ढिगात हात घालायचा नाही. सरपण दिवसाच काढायचं, तेही आधी ढीग काठीनं ठोकून. गोवरी काडीनं उलटायची, कारण खाली विंचू बसलेला असायचा. चप्पल झटकल्याशिवाय पायात नाही, अंथरूण झटकल्याशिवाय पाठ टेकायची नाही. अंधार पडल्यावर सापाचं नाव काढायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं. आजीनं हे कधी ओरडून सांगितलं नाही. ती तसं करायची, आम्ही बघायचो.

आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढं जातो. अशा रात्री घरात कोण झोपणार? मोठी माणसं धाब्यावर, आजी आणि लेकुरवाळ्या अंगणात. लहान मूल मात्र बाजेवरच, असा आजीचा हट्ट. आम्हाला तो लाड वाटायचा. पुढं कळलं की मण्यार रात्रीच हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेतच चावते. फारसं दुखत नाही, कित्येकदा खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घास उतरत नाही, मग पापण्या मिटत जातात.

गल्लीतली आमच्या बरोबरीची एक मुलगी अशीच गेली. पावसाळा होता, घर गळत होतं, म्हणून सगळे एका कोरड्या कोपऱ्यात खालीच झोपलेले. पहाटे तिचं पोट दुखू लागलं. कुणी ओवा चावायला दिला, कुणी भगताला आणलं. त्यानं लिंबाच्या डहाळीनं उतरवायला घेतलं. गाडी जुंपली तेव्हा तिची आई बोटांनी तिच्या पापण्या वर उचलून तिला हाका मारत होती. आजी ते बघून घरी आली आणि सगळ्यांना बसवून म्हणाली, “पान लागलं तर आधी दवाखाना, मग देव.” नागपंचमीला तवा न ठेवणारी, काही न चिरणारी, पुरणाची दिंडं उकडून भिंतीवरच्या नागाला हळदकुंकू वाहणारी बाई ती. तिच्या तोंडून हे निघालं, याचं मोल मला अजून वाटतं.

विंचवाची कथा वेगळी. लाल विंचू डसलेलं पोर घामानं न्हायचं, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी होऊन जीव जायचा. डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यावर चालते हे दाखवलं. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आमच्या आधीच्या पिढीतल्या किती घरांना ही गोळी हवी होती!

दिसेल तो साप मारायचा, असं मात्र आमच्या घरात नव्हतं. कपाशीत धामण दिसली तर वडील सालदाराला थांबवायचे, “राहू दे, उंदीर खाते.” पलीकडं मुक्ताईनगरच्या डोलारखेडा-वढोद्याकडं तर केळीच्या बागांत वाघ येतो. तिथले शेतकरी त्याच्याशीही जुळवून राहतात.

वाडा आता पडला, स्लॅबची घरं आली. तरीही २००० ते २०१९ या वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली, बरीचशी पावसाळ्यात. आजीचा कायदा मोडायची सक्ती शेतकऱ्यावर होतेच आहे. शेतीची वीज पाळीनं रात्री येते, तेव्हा केळीला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. माझा पुतण्या गमबूट घालून, बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला निघतो. त्याला दिवसा वीज मिळायलाच हवी.