भक्तिगीत आणि त्याची चाल

गीत ओठांवर खेळू लागले म्हणजे ते हळूहळू अंतःकरणात घर करते. म्हणून उपासनेत कोणती चाल योजावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी रॉक पद्धतीच्या मराठी ख्रिस्ती गीतांची ध्वनिमुद्रिका करण्याचे योजिले, तेव्हा पिंपरी पेंढारच्या परिसरातील काही वडीलधाऱ्यांनी, हा गोंगाट देवाच्या घरी कशाला, असे विचारले. त्यांच्या शंकेचा आम्ही अनादर करीत नाही. तथापि मागील इतिहास पाहणे उचित होईल.

आरंभी आपल्या मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व भजन-कीर्तनाची वाट धरिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे ते म्हणत. तुकोबांचे गुरू मानले जाणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्या शेजारच्या ओतूर गावी आहे. तेव्हा टिळकांची वाट आपणांस परकी कशी वाटावी? त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या संग्रहातून आजही गायिली जातात.

अमेरिकेत १९६९ साली लॅरी नॉर्मन यांची ‘अपॉन धिस रॉक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा तेथील पुष्कळ मंडळ्यांनीही नाके मुरडली. पुढे गिटार व ड्रम अनेक उपासनागृहांत रुळले.

मुलांचे ध्वनिमुद्रण आम्ही स्वतः पाहिले. आधी ड्रम, मग गिटार आणि शेवटी गळा, असा क्रम होता. प्रत्येकाने बंद खोलीत एकट्याने, आधीच्यांचे वादन कानाशी ऐकत, आपला भाग पुरा करावयाचा. नंतर यंत्रावर सारे जुळवावयाचे. एका ओळीतील उच्चार स्पष्ट व्हावा म्हणून गाणाऱ्याने सारी दुपार खर्चिली. असा धीर अभ्यासातही असता तर!

परंतु कीर्तनात ध्रुपद साऱ्यांनी उचलावयाचे असते. ध्वनिमुद्रिका ऐकणारा मात्र मुका राहू शकतो. आम्हांस खरे भय वाटते ते या मुकेपणाचे. म्हणून, बालमित्रांनो, गीत आवडले तर ते पाठ करा; आणि पालकहो, एखाद्या सायंकाळी वाद्ये बाजूस ठेवून, नुसत्या टाळीवर, आजीआजोबांसह ते म्हणून पाहा. साऱ्या घरास ते म्हणता आले, तर ते गीत मंडळीचे झाले असे समजावे.