कोय

आमच्या घरात मोती आला तो माझा विरोध धाब्यावर बसवून. "या घरात एक तर कुत्रा राहील, नाहीतर मी!" असे मी निक्षून सांगितले होते. त्यावर कोणीच काही बोलले नाही. त्या मौनाचा अर्थ ओळखून मी गप्प बसलो, आणि महिन्याभरात मोती माझ्याच पायाशी झोपू लागला.

गेल्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. रविवारी आमरसाचा बेत होता. "मोतीला कोय द्यायची नाही," अशी हिची सक्त ताकीद. पण तो माझ्याकडे असा काही पाहत होता की, मी हळूच टेबलाखाली एक कोय सरकवली. चाटून टाकून देईल, हा माझा हिशेब. थोड्या वेळाने वाकून पाहतो तो कोय नाही! नेऊन कुठे तरी पुरली असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

मंगळवारी मोतीला ओकाऱ्या सुरू झाल्या. आधी अन्न, मग पिवळे पाणी. शेवटी प्यालेले पाणीही पोटात ठरेना. पाठीची कमान करून तो कोपऱ्यात उभा राही. "ऊन बाधलं," असे आईने निदान केले. मीही मान डोलावली.

बुधवारी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी हिरड्या पाहिल्या. कोरड्या पडल्या होत्या. पोट दाबताच मोती कण्हला.

"काही गिळलंय का यानं?"

"छे!" ही म्हणाली. मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचत राहिलो.

एक्स-रेत आतड्याची वेटोळी वाऱ्याने फुगलेली दिसली. "दगड असता तर पांढरा ठसठशीत दिसला असता," बाई म्हणाल्या. "सलाइन लावू. उद्या पुन्हा फोटो काढून पाहू."

'उद्या' हा शब्द मला सोसवेना.

"कोय," मी म्हणालो. "रविवारी. मीच दिली."

हिने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी अजून विसरलेलो नाही. सोनोग्राफीत एक वाकडी कड आणि तिच्याखाली काळी सावली दिसली. "आता थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. "अडकल्या जागी रक्त पोचत नाही. आतडं काळं पडलं की तेवढा तुकडा कापून टोकं जोडावी लागतात; आणि ते फाटलं तर जिवावरच बेततं."

सलाइन देऊन मोतीला थोडे सावरले आणि संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. आतडे सुदैवाने गुलाबी होते. चीर कोयीवर न देता तिच्या पुढच्या, न फुगलेल्या भागावर दिली होती. टाके निरोगी जागीच नीट धरतात म्हणे. टाके घातल्यावर पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसे आत सलाइन भरून ते गळत नाही ना हे पाहिले, आणि वर पोटातलाच चरबीचा पडदा पांघरला.

"पहिले ५ दिवस जपा. टाके सुटले तर याच दिवसांत," बाईंनी बजावले. ते ५ दिवस मी जमिनीवर, मोतीशेजारी झोपलो. दुसऱ्या दिवशी त्याने चमचाभर मऊ भात खाल्ला आणि माझा हात चाटला. त्या मुक्या जिवाला काय ठाऊक, हाच तो हात!

यंदाही आमच्याकडे आमरस झाला. जेवणे आटोपल्यावर हिने सगळ्या कोयी मोजून घेतल्या. मोतीवर तिचा पूर्ण विश्वास आहे.