परभाषेच्या माजघरांत

परभाषा शिकावयाची म्हटली म्हणजे डोळ्यांपुढें प्रथम व्याकरणाचें पुस्तक येतें. रूपें पाठ करावीं, शब्दांचें टिपण ठेवावें, भाषांतर करावें आणि मग धीर करून बोलूं लागावें, हा क्रम आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें सांगत आलों. संस्कृत आम्हांला त्याच मार्गानें आलें व त्या मार्गाबद्दल आमच्या मनांत आजही आदरच आहे. परंतु वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं स्पॅनिश शिकण्याचा प्रसंग आला, तेव्हां एक दुसराही मार्ग आम्हांला पाहावयास मिळाला. व्याकरण आपल्याला भाषेच्या ओसरीवर नेऊन बसवितें. माजघरांत मात्र त्या घरचीं माणसेंच नेतात.

प्रसंग घरगुतीच होता. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त माद्रिद येथें असतात, सूनबाई तिकडच्याच. नात पांच वर्षांची झाली, तरी दूरध्वनीच्या पडद्यावर तिचें आमचें बोलणें 'आजोबा' या एका शब्दापुढें जात नसे. मराठी तिला थोडी समजे, पण उत्तर ती आईच्या भाषेंत देई. यावरून घरांत दोन पक्ष पडले. आमच्या दादांचें म्हणणें असें कीं, मुलीनें आपली भाषा शिकली पाहिजे. आजोबांनीं नातीची भाषा शिकावी हा उलटा न्याय झाला. सौभाग्यवतींनीं मात्र एवढेंच विचारलें, "अहो, तिला मराठी येईपर्यंत आपले दिवस थांबणार आहेत का?" यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें. सन २०२३ च्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां स्पेनला गेलों.

मुलाच्या घरीं राहिलों असतों तर दिवसभर मराठींतच बोलणें झालें असतें. म्हणून त्यानेंच सुचविलें कीं, आईनें माद्रिदला राहावें आणि आम्ही दोन महिने सालामांका शहरीं एका कुटुंबांत राहून शिकावें. तोर्मेस नदीच्या कांठचें हें शहर म्हणजे त्या देशांतील विद्येचें क्षेत्र होय. तेथील विद्यापीठाची स्थापना १२१८ सालची. ज्या १४९२ सालीं कोलंबस पश्चिम समुद्रांत निघाला, त्याच सालीं आंतोनियो दे नेब्रिहा या पंडिताचें कास्तिलियन भाषेचें, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतों तिचें, व्याकरण येथें छापून निघालें. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण १८३६ सालचें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या गोष्टीचें जुनेपण कळेल.

आमच्या यजमानीणबाई सत्तरीच्या, विधवा. घरांत त्यांचे अविवाहित बंधु. मुलगा दुपारीं जेवावयास येई. इंग्रजी त्या घरांत कोणालाच येत नव्हती. ज्याच्या आवाजावर पन्नास मुलांचा वर्ग चालत असे, त्या माणसाला पाणी मागतांना पेल्याकडे बोट दाखवावें लागलें. पहिली निकड अर्थातच जेवणाची. मांस चालत नाहीं म्हणून मुलानें आधीं कळविलें होतें. तरी पहिल्याच दिवशीं मसुरांच्या आमटींत डुकराच्या मांसाचे तुकडे दिसले. बाईंच्या समजुतीनें तो आमटीचा मसाला होता, मांस नव्हे! तेव्हां 'सिन' म्हणजे 'विना' हें अव्यय आम्ही त्याच दुपारीं पाठ केलें आणि मांस, मासळी, अंडें या तिन्ही शब्दांमागें तें लावून दाखविलें. बाईंनीं तें लक्षांत ठेवलें व पुढें दोन महिने आमची आमटी वेगळ्या भांड्यांत शिजली.

सकाळच्या भाषावर्गांत आमच्या संस्कृतानें आम्हांला चांगली साथ दिली. 'गच्छामि' म्हटल्यावर जसा 'अहम्' लागत नाहीं, तसेंच येथेंही क्रियापदाच्या रूपांतच कर्ता असतो. त, द हे वर्ण आपल्यासारखेच दंत्य. 'मला पाव आवडतो' याला तिकडे 'मे गुस्ता एल पान' म्हणतात. 'मे' म्हणजे मला, आणि आवडणारा पाव हा कर्ता. वर्गांतील इंग्रज सोबत्यांना ही रचना मोठी चमत्कारिक वाटे. आम्हांला ती घरचीच होती. शिवाय त्या 'गुस्ता'चें मूळ आणि आपला 'जुष्' धातु हीं एकाच कुळांतलीं! कठिण गेलें तें 'असणें'. या एका क्रियेला त्या भाषेंत दोन धातु आहेत. माणूस शिक्षक आहे, येथें 'सेर'. माणूस दमला आहे, दार उघडें आहे, येथें 'एस्तार'. कायमचें असेल तेथें 'सेर' आणि तात्पुरतें असेल तेथें 'एस्तार', असा ठोकळ नियम शिकाऊ पुस्तकांत देतात. हा 'एस्तार' आपल्या 'स्था' धातूचा सगोत्र आहे.

परंतु खरी शाळा भरे ती दुपारीं. अडीच-तीनच्या सुमारास जेवण होई आणि त्यानंतर तासभर कोणी मेजावरून उठत नसे. या बसण्याला त्यांच्याकडे 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे पंगत संपल्यावर खरकट्या हातांनीं गप्पा चालतात, त्याच जातीची ही गोष्ट. आम्ही मोडकें वाक्य बोलावें आणि बाईंनीं तेंच वाक्य शुद्ध करून आपल्या उत्तरांत गुंफावें. चूक झाली असें त्या कधीं म्हणाल्या नाहींत. वर्गांत चूक दाखवून शिकवावें लागतें, घरांत न दाखवितां शिकवितां येतें, हें आम्ही तेथें पाहिलें. तेथील साखर 'अथूकार' आणि नारिंग 'नारांखा'. बंधु संध्याकाळीं आमच्याशीं बुद्धिबळें खेळत, त्या खेळाचें नांव 'आखेद्रेथ'. शर्करा, नारंग आणि चतुरंग हे आपलेच शब्द इराणांतून व अरबस्तानांतून फिरत त्या घरीं पोंचले होते. बंधूंना हें सांगतां यावें एवढ्यासाठीं आम्ही भूतकाळाचीं रूपें दोन दिवसांत तोंडपाठ केलीं.

आम्ही बाईंना 'उस्तेद' म्हणत असूं. हा आदरार्थी शब्द आपल्या 'आपण'सारखा असून त्याला क्रियापद तृतीयपुरुषी लागतें. तिसऱ्या आठवड्यांत बाई म्हणाल्या, आतां 'तू' म्हणा. त्यांच्याकडेही तो शब्द 'तू' असाच आहे. सत्तरीच्या परस्त्रीला 'तू' म्हणावें, हें आमच्या जिभेला जड गेलें. मग मनांत आलें, आपण आईला 'तू' म्हणतों, देवाला 'तू' म्हणतों. तेहि देवाला 'तू'च म्हणतात. त्या दिवसापासून बोलण्याचा रंग पालटला. एका दुपारीं बाई आपल्या यजमानांविषयीं बोलल्या. किती वर्षें झालीं, शेवटचे दिवस कसे गेले, सर्व. बोलतांना 'ते वारले आहेत' याला त्यांनीं 'एस्तार' वापरला. मृत्यूइतकें कायमचें दुसरें काय आहे? आणि त्याला 'एस्तार'! पुस्तकांतला ठोकळ नियम तेथें संपला. मृत्यु ही माणसाची स्थिति आहे, तें त्याचें स्वरूप नव्हे, असेंच ती भाषा मानते, हें आम्हांला त्या मेजापाशीं कळलें. बाई कोणताहि सिद्धान्त सांगत नव्हत्या. त्या आपल्या नित्याच्या भाषेंत आपलें दुःख सांगत होत्या, आणि तें आम्हांला कोशाविना समजलें.

परक्या घरांत राहून भाषा आपलीशी करणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. इंग्लंडांत जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, साष्टीच्या लोकांत राहिले, आणि १६१६ मध्यें त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण छापून निघालें. आमची मजल अर्थात् तेवढी नाहीं. नोव्हेंबरांत माद्रिदला परतलों तेव्हां रोजचें बोलणें समजूं लागलें होतें, एवढेंच. पण नातीला गोष्ट सांगावयास तें पुरलें. ती आम्हांला 'तू' म्हणाली तेव्हां सौभाग्यवती हंसल्या. आम्हांला मात्र तो 'तू' कोणत्या घरचा हें ठाऊक होतें.

आतां दादांच्या आक्षेपाविषयीं. आजोबा आपल्याला शब्द विचारतात, याची त्या मुलीला मोठी मौज वाटली. आम्ही चमच्याचें नांव विचारलें कीं ती तें सांगे आणि लगेच विचारी, "आणि मराठींत?" महिनाभरांत तिच्यापाशीं मराठी शब्दांची चांगलीच शिदोरी झाली. आम्ही तिच्या भाषेच्या घरीं गेलों म्हणून ती आमच्या घरीं आली. ज्यांचीं नातवंडें परदेशीं वाढत आहेत, त्या वाचकांनीं या अनुभवाचा विचार करावा. दादांनाही आम्ही हेंच सांगितलें. ते बोलले कांहींच नाहींत, मात्र परवां पडद्यासमोर बसून, "चमच्याला तिकडे काय म्हणतात गं?" असें ते नातीला विचारीत होते.